पदक नाही, मग अहवालात काय लिहू?

प्रश्न एका तरुण शिक्षिकेचा आहे. बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, पट 42, शिक्षक दोन. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत शाळेचे उपक्रम आणि यश यांचा अहवाल वाचायचा आहे. शेजारच्या गावातली दोन मुलं नवोदयला लागली, तिथलं लेझीम पथक जिल्ह्याला जाऊन आलं. "आमच्याकडेही वर्षभर बरंच काही झालं, पण ढाल नाही की प्रमाणपत्र नाही. शाळा समितीचे अध्यक्ष विचारतात, मॅडम, यंदा सांगायला काय आहे? अहवालात काय लिहू? आणि पुढच्या वर्षी कोणते उपक्रम घेतले म्हणजे यश दिसेल?"

मॅडम, तुम्ही विचारलात एक प्रश्न, पण आत दोन आहेत. झालेल्या वर्षाचं गावाला काय सांगायचं हा एक, आणि पुढच्या वर्षी मुलांकडून काय करून घ्यायचं हा दुसरा. अहवालात काय शोभेल ते बघून उपक्रम ठरवायला लागलो की शाळा अहवालासाठीच चालायला लागते. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवून हे म्हणत नाही. मी स्वतः ते केलंय.

जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी 31 वर्षं गेली, त्यातली बहुतेक ऊसतोडीच्या पट्ट्यात. नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी मला लेझमाचं वेड लागलं होतं. पट 38. त्यातली 16 चुणचुणीत पोरं निवडली आणि दिवाळीनंतर अडीच महिने दुपारचे दोन तास मैदानावर. उरलेली 22 वर्गात पाटीवर शुद्धलेखन काढत बसायची, म्हणजे खरं तर एकमेकांना चिमटे काढत. केंद्रात पहिले आलो, तालुक्याला दुसरे. गावानं हलगी लावून मिरवणूक काढली, माझा फेटा बांधून सत्कार केला. मार्चमध्ये चौथीचा पेपर घेताना लक्षात आलं की फोटोत पुढच्या रांगेत उभी असलेली दोन पोरं प्रश्नच वाचू शकत नाहीत. ती ढाल पुढे कपाटात गेली. नंतर मी लेझीम बंद केलं नाही, पण 38च्या 38 पोरांना घेऊन रोज सकाळी वीस मिनिटं घ्यायला लागलो. तालुक्याला परत कधी नंबर आला नाही.

तेव्हापासून कुठल्याही उपक्रमाला मी तीनच गोष्टी विचारतो. किती पोरं त्यात आहेत? तो वर्षभर चालतो की आठ दिवस? आणि शिक्षक रजेवर गेला तर पोरं तो आपला आपण चालवतात का? तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड.

शेजारच्या शाळेचं यश मात्र खरं यश आहे, त्याला नावं ठेवू नका. नवोदयच्या एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त 80 मुलं घेतात, परीक्षेला जिल्हाभरातून हजारो बसतात. 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी असल्या तरी वस्तीवरच्या पोराला त्या आपोआप मिळत नाहीत. त्या सरांना फोन करून अभिनंदन करा आणि त्यांनी नेमकं काय केलं ते विचारा. आपल्याकडे शाळा-शाळांत हे विचारणं फार कमी होतं, मनातल्या मनात जळणं जास्त होतं.

आता परिस्थितीचं बोलू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोन शिक्षक आणि पाच वर्ग म्हणजे एकाकडे पहिली-दुसरी आणि एकाकडे तिसरी ते पाचवी असणार. त्यातला एक महिन्यातले चार-पाच दिवस बैठकीला, प्रशिक्षणाला नाहीतर माहिती भरायला जाणार. म्हणजे वर्षाला दहा उपक्रम हे कागदावरच. दोन झेपतात, फार तर तीन. तुमची शाळा आठवीपर्यंतची असती तर गोष्ट वेगळी. तिथे एनएमएमएस ही आठवीतली शिष्यवृत्ती परीक्षा आहे, पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात आणि गरीब घरातली पोरगी त्या पैशावर बारावीपर्यंत टिकते. इन्स्पायर मानक ही विज्ञानातल्या नव्या कल्पनांची योजना आहे, कल्पना निवडली गेली की 10,000 रुपये मिळतात. हे सगळं सहावीच्या पुढचं. तुमच्या हातात पहिली ते पाचवीच आहेत आणि या वयात एकच यश सगळ्यात मोठं : पोरगं वाचतं, लिहितं, हिशोब करतं आणि रोज शाळेत असतं.

'रोज शाळेत असतं' हे आपल्या भागात सोपं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवाळी झाली की मुकादमाचा, म्हणजे तोडीची टोळी नेणाऱ्याचा, ट्रक येतो. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं जाणार, मग लहान भावंडं सांभाळायला थोरली पोरगीही कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, जाणार. मार्च-एप्रिलला पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचं गाळप संपतं, तेव्हा ती परत येते, तोवर तिचं अर्धं वर्ष गेलेलं असतं. आता तारखा बघा. नवोदयची परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास. शिष्यवृत्ती बहुधा फेब्रुवारीत. क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलन हेही हिवाळ्यातच. यश मोजायचे सगळे दिवस नेमके गाळपाच्या हंगामात येतात. शेजारच्या शाळेत किती कुटुंबं तोडीला जातात ते एकदा बघा, तुमच्या तुलनेतला निम्मा फरक तिथेच सापडेल.

म्हणून माझ्या हिशोबात तुमचा पहिला उपक्रम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि त्याला ढाल नसते. जाणाऱ्या प्रत्येक घरी एक चक्कर. आजी-आजोबा मागे राहतात का, आत्या-मावशी गावात आहे का, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत गेला का, हे तिथेच बसून विचारायचं. जे पोरगं जाणारच आहे त्याच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यायचं, म्हणजे कारखान्याच्या परिसरातली शाळा त्याला बसवून घेईल, आणि आईच्या मोबाइलवर आपला नंबर टाकून द्यायचा. पहिल्या वर्षी मी गेलो तेव्हा एका आजीनं चहासुद्धा दिला नाही. "पोरीला ठिवून घेतो म्हनता, तिच्या पोटाचं काय?" म्हणाली. बरोबरच होतं तिचं. शाळेत दुपारची खिचडी मिळते, सकाळ-संध्याकाळचं कोण बघणार? तिसऱ्या वर्षी तीच आजी आपल्या दोन नातवंडांबरोबर शेजारचं एक पोरगं सांभाळायला तयार झाली, कारण तोवर हंगामी वसतिगृह मंजूर झालं होतं आणि जेवणाची सोय लागली होती. या कामाला किती वर्षं लागतात ते गावावर आहे. माझ्या एका शाळेत दोन वर्षांत जमलं, दुसऱ्या शाळेत कधीच जमलं नाही.

दुसरा उपक्रम म्हणून मी तुम्हाला पाऊस मोजायला सांगेन. यावर जरा रेंगाळतो, कारण माझ्या सगळ्या नोकरीत याच्याइतकं स्वस्त आणि उपयोगाचं दुसरं काही सापडलं नाही.

दोन लिटरची सरळ अंगाची पाण्याची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा त्याच बाटलीत बसवा. बूड खालीवर असतं, म्हणून तळाशी खडे टाकून, बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. त्याच्या वर प्लॅस्टिकची पट्टी चिकटवा. नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीचं अंग एकाच मापाचं आहे, म्हणून जेवढं पाणी चढलं तेवढे मिलिमीटर पाऊस. जागा मोकळी हवी. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा, नाहीतर आडोशाचा पाऊस मोजाल. हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, आपणही त्याच वेळी मोजायचा. शाळा तेव्हा भरलेली नसते, म्हणून शाळेच्या जवळ राहणाऱ्या दोन पोरांची आठवड्याची पाळी लावायची, रविवार धरून. मोजून झालं की शून्यापर्यंतचं पाणी ठेवून बाकीचं ओतायचं, आणि आकडा फळ्याच्या कोपऱ्यात.

आता यातून काय काय निघतं बघा. दुसरीची पोरं आठवड्याची बेरीज करतात. चौथीची स्तंभालेख काढतात. पाचवीला दशांश अपूर्णांक पुस्तकातून शिकवायची गरजच राहत नाही, कारण 12.5 म्हणजे काय ते पट्टीवर दिसतं. मग एक दिवस सांगायचं की एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या वर्गाचं छत 6 मीटर बाय 5 मीटर होतं. पोरांनी हिशोब केला : 30 चौरस मीटर, 20 मिलिमीटर पाऊस, म्हणजे 600 लिटर. एक पोरगं उभं राहून म्हणालं, "गुरुजी, तीन टिपाडं पाणी आपन सांडून दिलं की!" पुढच्या महिन्यात गावातल्या एकानं पन्हाळीला जुना पाइप जोडून दिला आणि परसबागेला पाणी मिळालं. मी कुणालाही सांगितलं नव्हतं, पोरांनी घरी सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट झाली. सरकारनं अतिवृष्टी धरायची तर महसूल मंडळात एका दिवसात 65 मिलिमीटरच्या वर पाऊस पडावा लागतो, हे आपल्याकडे शेतकऱ्याला पाठ असतं. मंडळाचं पर्जन्यमापक आमच्यापासून बारा किलोमीटरवर. तिथला आणि आमचा आकडा जुळायचा नाही, आणि पाऊस असाच पडतो, शिवार बदललं की बदलतो. आमच्या बाटलीच्या आकड्याला सरकारदरबारी किंमत नव्हती, ते पोरांना आणि गावाला मी आधीच सांगून ठेवलं होतं. तरीही माणसं सकाळी शाळेच्या गेटावर थांबून विचारायला लागली, "किती झाला रे?" आठ वर्षांच्या पोराला गावातला मोठा माणूस काहीतरी विचारतो, आणि त्या पोराकडे खरं उत्तर असतं. प्रमाणपत्रावर हे कसं छापणार?

पावसाळा संपला की तीच वही विहिरीकडे वळवायची. दोरीला एकेक मीटरवर गाठ, टोकाला दगड, महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला पाणी किती खोल गेलं त्याची नोंद. कठडा असलेलीच विहीर घ्या आणि दोरी मोठ्या माणसाच्या हातात असू द्या. यात हयगय नको.

तिसरं, स्पर्धा परीक्षा. त्या सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण निवडक चार पोरं वेगळी बसवण्यापेक्षा तिसरी ते पाचवीच्या सगळ्यांना रोज वीस मिनिटं बुद्धिमत्तेचे प्रश्न तोंडी द्या. ओळखा पाहू, वेगळा शब्द शोधा, आरशातली आकृती. पोरांना हे कोड्यासारखं आवडतं. नवोदयच्या 80 प्रश्नांपैकी 40 बौद्धिक क्षमतेचे असतात, गणिताचे 20 आणि भाषेचे 20. पाचवीची शिष्यवृत्ती आता चौथीला आणली आहे, तिच्यातही 300 पैकी 100 गुण बुद्धिमत्तेला आणि 100 गणिताला. माझा अनुभव असा की आपलं पोर ज्ञानात कमी पडत नाही, बैठकीत कमी पडतं. शिष्यवृत्तीचा एक पेपर दीड तासाचा, 75 प्रश्नांचा. नवोदयचा दोन तासांचा. आपल्या पोरानं इतका वेळ एका जागी बसून कधी काही सोडवलेलंच नसतं. वर्तुळ रंगवायचं तर पेनानं, एकदा रंगवलं की खोडता येत नाही. माझ्या वर्गातली एक हुशार पोरगी एक प्रश्न सोडून पुढे गेली, पण उत्तरपत्रिकेतली ओळ सोडायची राहिली, आणि तिथून खालची सगळी वर्तुळं एकेक घर वर सरकली. ती घरी येऊन रडली नाही, मी रडलो. म्हणून जुलैपासून महिन्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण पेपर, कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवर. बसायचं सगळ्या पाचवीनं. निवड एकाची होईल किंवा कुणाचीच नाही, पण सराव सगळ्यांचा होतो.

नवोदयच्या फॉर्मला कागदपत्रं लागतात आणि आईबाप दिवाळीनंतर उसाच्या फडात असतात, म्हणून आधार, दाखले, सह्या पावसाळ्यातच उरकून घ्या. यंदाचे नियम आणि तारखा माहितीपत्रक उतरवूनच नीट बघा, मोबाइलच्या गटात फिरणाऱ्या मेसेजवर जाऊ नका.

आनंदबाजार, रांगोळी, वेशभूषा, वृक्षदिंडी हे सगळं करावंच लागतं, करा, मजा असते. आनंदबाजारात फक्त एक बघा, आईनं भाजी आणायची, आईनंच विकायची आणि पोरानं फोटोत उभं राहायचं, असं होऊ देऊ नका. भांडवल किती, विकलं किती, उरलं किती हे पोरानं स्वतःच्या अक्षरात लिहून आणलं तर तो बाजार, नाहीतर जत्रा.

खेळाबद्दल एकच. आपल्या जिल्ह्यातला आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी. तो स्टीपलचेस धावायला लागला सैन्यात गेल्यावर. तिसरीतल्या पोराला केंद्रावर नंबर आला नाही म्हणून तुम्हीही हळहळू नका आणि पोरालाही हळहळायला लावू नका. रोज सगळ्यांना पळवा, बास.

इथवर तीन झाले : तोडीच्या हंगामात पोरं शाळेत ठेवणं, पाऊस-पाण्याची वही, आणि सगळ्या पाचवीचा परीक्षेचा सराव. वाचन मी वेगळा उपक्रम धरत नाही, ती भाकरी आहे.

आता यंदाचा अहवाल. यात "विविध उपक्रम उत्साहात संपन्न झाले" हे वाक्य एकदाही येऊ देऊ नका. ते ऐकलं की माणसं तंबाखू मळायला लागतात. आकडा सांगा, आणि जूनचा आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवा. असं काहीतरी, आकडे तुमचे घाला :

"जूनमध्ये तिसरी ते पाचवीच्या 26 मुलांपैकी 11 मुलं धडा न अडखळता वाचत होती. आज 19 वाचतात. 7 अजून अडतात, त्यांच्यासाठी दुपारच्या सुट्टीनंतर रोज अर्धा तास ठेवला आहे. यंदा 14 कुटुंबं तोडीला गेली, त्यांची 17 मुलं आपल्या पटावर आहेत. 12 गावात राहिली, 5 गेली. ज्या आजी-आजोबांनी मुलं सांभाळली त्यांचे शाळा आभार मानते. गेल्या वर्षी नवोदयला 3 मुलं बसली, निवड झाली नाही. पुढच्या वर्षी सगळी पाचवी बसेल."

निवड झाली नाही, हे वाक्य गाळू नका. गावाला ते माहीतच असतं, तुम्ही लपवता का एवढंच गाव बघतं. उलट ते सांगितल्यावर बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. अध्यक्षांना अहवाल आधी वाचून दाखवा. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला असायला हव्यात. त्या बायांना विचारा, गावाला काय ऐकायचंय ते त्या नेमकं सांगतील. आणि अडणाऱ्या सात मुलांची नावं अहवालात नकोत, गटातही नकोत. मागे पडलेल्या पोराचा फोटो आणि गुण मोबाइलवर फिरवणारे शिक्षक मी पाहिलेत. जिंकलेल्या पोराचा फोटो टाकतानाही आईबापाला विचारा.

वाचायचं कुणी? तुम्ही नका वाचू. पोरांनाच दोघातिघांत वाटून द्या, आणि पावसाची वही सुरू झाली की ती पाचवीतल्या पोरानं वाचावी. चुकलं तर चुकू द्या.

एक अडचण राहते. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला तुमचे निम्मे पालक गावात नसतील. ज्यांच्यासाठी अहवाल आहे ते तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसात असतील. आम्ही त्यासाठी पोरांच्या आवाजात अहवाल मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायचो. दोन मिनिटांच्या वर नको. फडात रेंज नसते, माणसं रात्री कोपीवर आल्यावर ऐकतात, आणि मोबाइल बऱ्याचदा दुसऱ्याचाच असतो. पहिल्या वर्षी पाठवला त्या रात्री दहाच्या सुमाराला एका बापाचा फोन आला. मला वाटलं, पोरीचा आवाज ऐकून गहिवरला असेल. तो म्हणाला, "गुरुजी, ते हिरीचं काय म्हनली ती, किती गाठी? परत सांगा. आल्यावर चाऱ्याला कडवळ टाकावं का न्हाई ते बघतो." मी वही उघडून आकडा सांगितला. पंधरा तारखेला त्याच्याच पोरीनं लिहिलेला होता.